न रुतलेली तार

तेजराव वानखडे. हे नाव आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला पळ काढता येणार नाही. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, वडिलांचं आहे, आईचंही आहे. ह्या माणसाचं कुठंच नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मीही ती चढून परत उतरलोच होतो. बुलढाण्यातल्या एका गच्चीवर, एका झाडाशेजारी, ह्या माणसानं मला थांबवलं. मी त्यांना काका म्हणतो.

काका वनखात्याच्या रोपवाटिकेतून निवृत्त झालेले. धामणगाव बढ्याहून मी बुलढाण्याला शिकायला आलो तेव्हा त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. खोलीबाहेर कुंड्यांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला, सकाळचं ऊन सगळ्यात आधी जिथं येई तिथं, उथळ कुंडीत बोन्सायसारखं बुटकं वाढवलेलं एक पाइन. उंची माझ्या गुडघ्याएवढी. वय माझ्यापेक्षा जास्त.

थंडी पडली की मला ते झाड आठवतं. लोणारला मी आता शाळेत विज्ञान शिकवतो. मार्गशीर्षात सकाळी गच्चीवर गेलो की सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्यात कुठूनशी हुरड्याची राख मिसळलेली असते, आणि माझ्या स्वतःच्या पाइनच्या सुया बोटांनी चोळल्या की रंगाच्या दुकानातला तो टर्पेंटाइनचा वास येतो. दरवर्षी त्या वासाबरोबर एक समाधान यायचं. वाटायचं, काकांचं झाड उन्हाळ्यानं नेलं, पण मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी दिलेलं हे दुसरं रोप मी जगवलं.

यंदा ते समाधान गेलं. सकाळी आठ वाजता गेलं आणि अजून परत आलेलं नाही.

झालं असं, की वानरांनी कुंडी पाडली. लोणारला वानरं म्हणजे घरच्यासारखीच. कौलं, टाक्या, वाळत घातलेले पापड, सगळ्यावर त्यांचा हक्क. एक थोराड वानर कठड्यावरून थेट कुंडीवर उतरलं आणि कुंडीसकट खाली गेलं. मी धावत अंगणात पोचलो तेव्हा खापराचे तुकडे पसरले होते आणि झाड मुळांच्या गोळ्यासह आडवं पडलं होतं. रोप दिलं त्या दिवसापासून ही मुळं मी कधी उघडी केली नव्हती. देताना काकांनी बजावलं होतं, "मुळं उघडायची झाली तं पह्यले मले बोलाव. मले इचारल्याशिवाय हात लावजो नको." कुंडी बदलायची वेळ आली तेव्हा मी आख्खा गोळा उचलून मोठ्या कुंडीत बसवला होता, काकांनी फोनवर सांगितलं तसा.

आता गोळा फुटला होता आणि आत सगळीकडे पांढरं होतं. कापसाच्या पेळूसारखी बारीक जाळी मुळामुळांत शिरलेली. वास ओल्या अळंबीचा.

मी फोन लावला. काका आता खामगावला लेकीकडे, सुनंदाताईंकडे असतात. ऐकू कमी येतं म्हणून ताई फोन स्पीकरवर टाकतात.

"काका, वानरानं कुंडी फोडली."

"झाड कसं हाय?"

"झाड ठीक आहे. पण मुळाले बुरशी लागली. पांढरी. घरात बुरशीची पावडर हाय, धुऊन काढू का?"

इतक्या वर्षांत काकांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "हात लावू नको. पाणी मारू नको. पोतं ओलं कर अन् गुंडाळून ठेव आधी."

मी ओल्या पोत्यात गोळा गुंडाळला. फोन तसाच चालू होता.

"ते लागलेलं नाई बाबू. ते त्याचंच हाय. पाइनच्या मुळाले पाणी ओढून द्याचं काम तेच करते. ते धुतलं का झाड..." इथं काका थांबले.

अंगणात खापराचे तुकडे होते, वर कठड्यावर ते वानर बसून माझ्याकडे बघत होतं.

"काका," मी म्हणालो, "मंग त्या साली मी धुतलं होतं ते?"

काका म्हणाले, "जेवण झालं का तुयं?"

सकाळचे आठ वाजले होते.

त्या दिवशी मी शाळेत गेलो, हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली. पोरं हसायला लागली तेव्हा पाहिलं, मी अकरा वर्षांपूर्वीचं साल लिहिलं होतं.

ते साल माझ्या शेवटच्या वर्षाचं. त्या हिवाळ्यात सुनंदाताईंचं बाळंतपण होतं आणि काका तीन आठवडे खामगावला गेले होते. जाताना बाकी कुंड्यांबद्दल काही बोलले नाहीत, फक्त पाइनजवळ मला उभं केलं. ते झाड त्यांच्या बायकोची, कमलकाकूंची आठवण. उत्तरेतल्या डोंगरात काका प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा काकूही हट्टानं बरोबर गेल्या आणि येताना पिशवी भरून पाइनची लाकडासारखी फळं घेऊन आल्या, दिवाळीत रंगवायला. घरी फडताळात ती फळं उमलली आणि पंख असलेलं बी बाहेर पडलं. काकूंनी ते तेलाच्या डब्यात पेरलं. एकच उगवलं. मी येण्याआधीच काकू गेल्या होत्या. मी त्यांना ओळखतो ते त्या झाडावरून.

"पाणी अंगठ्यानं पाहून घालजो," काका म्हणाले, "माती ओली असंन तं नको. अन् ऊन सोडून कुठं ठेवू नको. त्याले थंडी चालते, सावली नाई चालत."

काका खामगावला गेल्यावर पंधरवड्यात मी कुंडी उचलून खालचं भोक पाहिलं. पाणी नीट निथळतं का, एवढंच पाहायचं होतं. भोकातून पांढरी जाळी डोकावत होती.

माझं सगळं लहानपण हरभऱ्याच्या वावरात गेलं. आई निंदणाला जायची, मी मागे मागे. हरभरा मधेच पिवळा पडला की आई उपटून बुडखा दाखवायची. पांढरं दिसलं की झाड बांधावर फेकायचं आणि हात धुवायचे. पांढरं म्हणजे मरण, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकलो. काकांच्या झाडालाही तेच झालं होतं. फोन करावा असं वाटलं, पण ताई दवाखान्यात होत्या. काकांना कशाला घोर लावायचा. शिवाय मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी होतो. माझ्याकडे पुस्तकं होती.

मी कृषी केंद्रातून बुरशीनाशक आणलं. झाड कुंडीतून काढलं. बादलीत मुळं तीन पाण्यांनी धुतली. जिथं पांढरं चिकटून राहिलं तिथं जुन्या टूथब्रशनं घासलं. मग दिवसभर औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आई बियाणं वाळवायची तशी उन्हात पसरून खडखडीत वाळवली. धुतलेल्या वाळूत, विटांच्या नव्या चुऱ्यात झाड परत लावलं. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

काका आले तेव्हा मी त्यांना पेढ्यांचा पुडाही उघडू दिला नाही, आधी हेच सांगितलं.

"मुळं पार धुतली?" त्यांनी विचारलं.

"पार. एक धागा ठेवला नाही."

"अन् वाळवली?"

"हाव. चांगली खडखडीत."

काकांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "बरं केलं," ते म्हणाले. "घे, पेढा घे. नातू झाला मले."

त्या "बरं केलं"वर मी अकरा वर्षं जगलो. शाळेत पोरांना सांगितलं. प्रयोगवहीच्या तासाला उदाहरण म्हणून सांगितलं. निरीक्षण करा, घाबरू नका, योग्य उपाय करा.

पुढं आठ-दहा दिवसांनी मी अभ्यास करत बसलो होतो. काका झाडाजवळ उकिडवे बसलेले. त्यांनी अंगठ्याच्या नखानं खोडाच्या बुडाशी साल जराशी खरवडली, आत पाहिलं. मग बोटाला थुंकी लावून ती साल परत दाबून बसवली.

"काय पाहून राह्यले काका?"

"काही नाही. परीक्षेचं टाइमटेबल आलं का?"

सालीखालचा हिरवा थर मी आता दरवर्षी सातवीच्या पोरांना दाखवतो. कडुलिंबाची फांदी आणतो, नखानं खरवडतो आणि सांगतो, हिरवं असेल तर झाड जिवंत, तपकिरी असेल तर मेलेलं. हे नखानं पाहणं मी काकांकडूनच उचललं. त्यांनी त्या दिवशी काय पाहिलं, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

पाइन मेलं तरी हिरवं राहतं. हे मला माहीत नव्हतं. गुलाब मान टाकतो, हरभरा पिवळा पडतो, तूर सुकून खुळखुळते. आमच्याकडचं प्रत्येक झाड मेल्याचं सांगतं. पाइन सांगत नाही. थंडीत तर महिना, दोन महिने, जास्तही. सुया तशाच ताठ, तशाच हिरव्या. आणि आत काही नसतं.

त्याच आठवड्यात काकांनी झाड उन्हातून हलवलं आणि मोरीजवळच्या गार सावलीत ठेवलं. सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी शिंपडायला लागले. मी म्हणालो, "तुम्ही तं म्हणता त्याले सावली चालत नाही."

"यंदा चालंन," काका म्हणाले.

ढेपेचं, म्हणजे पेंडीचं खत घालायची वेळ झाली होती. ते घातलं नाही. "सध्या नको."

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यामुळं तो हिवाळा मला आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा वाटत आला होता. तीन वर्षं काकांनी मला त्या झाडाच्या एकाही फांदीला हात लावू दिला नव्हता. पाणी घाल, बघ, पण वाकवायचं नाही. पाइनची फांदी चुकीच्या जागी वाकवली की मोडते आणि जुन्या लाकडावर परत फुटत नाही. गेली ती गेली. त्या रविवारी काका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जळकी तांब्याची तार घेऊन आले. जाळात तापून निघालेली ती तार मऊ पडते, बोटानं वळते, आणि फांदीला गुंडाळली की फांदी वाकवाल तशी राहते. त्यांनी तारेचं भेंडोळं माझ्या मांडीवर टाकलं.

"वाकव."

"मी?"

"मंग काय शेजाऱ्याले बोलावू?"

"काका, मोडली तं?"

"मोडली तरी चालते."

मला वाटलं, हा विश्वास आहे. गावी गेलो तेव्हा आईला सांगितलं, काकांनी मला काकूंच्या झाडाला तार लावू दिली. आईनं पदरानं डोळे पुसले.

परीक्षेचा अभ्यास सकाळी आणि दुपारी. चार ते पाच झाड. रोज एक तास. काका खाटेवर बसून सांगायचे. तार आधी खोडाला अडकव, मग फांदीवर तिरपी चढव, वेढे सारखे ठेव, मधे बोट जाईल एवढी जागा नको आणि साल दबेल इतकी ओढही नको. जाड फांदीला आधी ओल्या गोणपाटाची पट्टी गुंडाळ. दोन्ही अंगठे आत, बोटं बाहेर, आणि कानानं काम कर. फांदी कुरकुरली तर चालते. टचकली तर थांब.

"दम धर ना बे. बैल नाई वाकवून राह्यला."

"काका, ही ऐकतच नाही."

"बायको मिळंन तवा समजंन."

खालची फांदी मी वळवली ती अशी वळवली, की तिच्या टोकाकडं पाहिलं तर डोंगरउतारावर बर्फ झेलून वाकलेलं झाड वाटावं. बर्फ आम्ही दोघांनीही तेव्हा पाहिलेला नव्हता. काकांच्या प्रशिक्षणात उन्हाळा होता. एका वठलेल्या फांदीची साल सोलून त्यांनी मला पांढरं लाकूड उघडं ठेवायला शिकवलं. म्हणाले, वीज पडल्यासारखं दिसते. मी हसत होतो. सगळं झाडच तसं झालेलं होतं आणि त्यातली एक फांदी मेलेली दाखवायला मी चाकूनं कोरत बसलो होतो.

मार्चमध्ये पेपर सुरू झाले तेव्हा मी तार तपासली. पुस्तकात होतं, झाड जाड होत जातं, तार सालीत रुतते, वेळेवर कापली नाही तर कायमचा वळ राहतो. माझी तार कुठंच रुतली नव्हती. मी फुशारकीनं काकांना दाखवलं. "पाहा काका. एक वळ नाही."

काकांनी चष्मा लावून प्रत्येक वेढा पाहिला. "हात हलका हाय तुया," ते म्हणाले.

शेवटचा पेपर देऊन आलो त्या संध्याकाळी झाड परत उन्हात आलं होतं, आपल्या जुन्या जागी. आठवड्यात सुया तांबड्या झाल्या. काका म्हणाले, "उन्हाळा बाधला." मी रडलो, आणि काकांनी मला समजावलं. त्यांनी मला समजावलं, हे आता लिहितानाही माझा पेन अडतो.

वानराच्या त्या सकाळनंतर दोन दिवसांनी सुनंदाताईंचा फोन आला. काका झोपले होते, म्हणून गच्चीवर येऊन बोलत होत्या.

"बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. पण तुले समजलंच आता."

"ताई, त्यांना केव्हा कळलं?"

"तू सांगतलं तवाच. त्याच दिवशी फोन केला होता मले. म्हणे, कमलचं झाड गेलं. म्या म्हटलं, त्या पोट्ट्याले सांगा तरी. तं म्हणे, त्यानं एक पेपर गेला तं बॅग भरली होती. हे कळलं तं आजच्या गाडीनं जाईन तो. परीक्षा होईपर्यंत कळू द्याचं नाई."

बॅगेची गोष्ट खरी. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात मी नापास झालो आणि गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वडिलांच्या जोडीला कामाला जायचं ठरवून बॅग भरली. काका जिन्यावर बसले होते. अडवलं नाही. म्हणाले, "जाय. पण झाडाले पाणी घालून जाय, माह्यानं वर चढवत नाई आज." मी पाणी घालायला वर गेलो, आणि गच्चीवरून राजूर घाटाच्या बाजूनं येणारं धुकं पाहत उभा राहिलो. गाडी सुटली. रोज तेच: आज पाणी घाल, उद्या जाशील. आठ दिवसांनी मी बॅग रिकामी केली.

"अजून एक सांगू," ताई म्हणाल्या. "ते वाळलेलं झाड बाबांनी इकडं आणलं हाय. साल गेली सारी, पांढरं पडलं. तुई तार तशीच हाय त्याच्यावर. माह्या पोरानं एकदा काढाले घेतली तं बाबा रागावले. म्हणे, ते काढाचं काम सुधाकरचं हाय."

मी फोन ठेवला आणि गच्चीवर पाइनजवळ बसलो. थंडीचं ऊन होतं. मला माझ्याविषयी जे जे माहीत होतं ते सगळं उलटं धरून पाहायला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते मला जमत नव्हतं. ज्या महिन्यांत मी कृतज्ञ होतो, त्या महिन्यांत मी कृतज्ञतेचं कारणच ओळखलं नव्हतं. बायकोच्या मेलेल्या झाडावर एक माणूस रोज दोनदा पाणी शिंपडत होता, ज्यानं ते मारलं त्याला दिसू नये म्हणून. आणि चार वाजता खाटेवर बसून विनोद करत होता.

फोनवर काका पुन्हा जेवणाचंच विचारतील. म्हणून मी पत्र लिहिलं. ताई वाचून दाखवतील.

आदरणीय काका,

सविनय जयभीम.

झाड बरं आहे. तुम्ही सांगितलं तसं ओल्या पोत्यात ठेवलं आणि त्याच दिवशी नव्या कुंडीत लावलं. पांढरी जाळी जशी होती तशी राहू दिली. फुटलेल्या कुंडीतली जुनी माती मूठभर गोळा करून तीही घातली. ऊन देतो. परवा नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं आहे. हे तुम्हाला आधी सांगायचं होतं.

काका, काकूंचं झाड मी मारलं. उन्हाळ्यानं नाही. हे वाक्य मी तुम्हाला अकरा वर्षं उशिरा लिहितो आहे, कारण ते मला तीन दिवसांपूर्वीच कळलं. माफी मागायला बसलो तर तुम्ही ताईंना पत्र मिटायला सांगाल, म्हणून इथं मागत नाही. येऊन मागतो.

मी मास्तर आहे. पोरं चुकतात, बाकं मोडतात, खोटं बोलतात. मी रागावतो. तुमच्याइतकं गप्प राहणं मला एक तासही जमणार नाही. कसं जमलं ते विचारायचं आहे, पण तुम्ही सांगणार नाही हेही माहीत आहे.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मेहकरवरून खामगावला येतो. तार कापायची पक्कड आणतो. पांढऱ्या झाडावरची माझी तार तुमच्यासमोर काढतो. ती उलगडायची नाही, तुकडे करून कापायची, हे लक्षात आहे.

माझं झाडही बरोबर आणतो. गाडीत मांडीवर धरीन. आता त्याच्या फांद्या वाकवण्याजोग्या झाल्या आहेत आणि मी अजून एकीलाही तार लावलेली नाही. तार कशी चढवायची ते तुम्ही मला पुरतं शिकवलं आहे. पण हे झाड जिवंत आहे, ते जाड होईल, ह्या वेळी तार रुतेल. ती केव्हा काढायची, एवढं तुम्ही मला शिकवू शकला नाहीत. ते शिकायचं राहिलं आहे.

जेवण झालं आहे.

तुमचा,
सुधाकर